बायांच्या बाजूनं दिसलेला जादूगार

शिनेमा बघनारी मानसं लई. शिनेमा उसवून आत काय भरलंय ते काढून दाखवनारं मानूस म्या एकच बघितलं, ते म्हंजी माझ्या पाठची बहीन राही. कुनाला ही बढाई वाटत आसंल तर त्यानं काष्टीला जावं, न्हाईतर तिसगावच्या बाजारात जावं, आन् कुन्याबी जानत्या बाईला इचारावं, "तंबूतली राहीबाई ठावी हाय का?" मंग माझ्याशी बोलाया यावं.

म्या सहादेव. कर्जतच्या अलीकडं आमची कोरडवाहू जमीन. मराठी चौथी पास हाय म्या. पिठाच्या गिरनीचं इंजिन नुसत्या आवाजावरनं वळखायचो, की ह्याचं दुखनं कुटं हाय. त्यावरच तर शामकांत मालकांनी मला उचललं. त्यांचा फिरता तंबू-शिनेमा हुता. तीन बैलगाड्यांवर तंबू, कनाती, दिव्याचं इंजिन आन् मशीन लादून आमी बाजार आन् जत्रा धरून हिंडायचो. मशीन म्या चालवायचो. साऱ्या जिल्ह्यात माझ्यावानी एका चालीत हँडल फिरवनारा दुसरा न्हवता. हँडल हळू झालं की पडद्यावरची मानसं आजारी दिसत्यात, जोरात झालं की माकडं दिसत्यात. माझ्या हाती ती मानसंच दिसायची.

राहीचं लगीन बन्सीसंगं झालं हुतं. लढाई लागली आन् बन्सी पलटनीत गेला. चव्वेचाळीस साली त्याची पलटन इटलीत हुती. सासरी थोरलं कुनी न्हवतं, म्हनून म्या राहीला तंबूवर आनली, सैपाकाला. आठ मानसांच्या भाकरी थापायची आन् खेळ सुरू झाला की बायांच्या बाजूला जाऊन बसायची.

आता ही बायांची बाजू काय ते सांगतो. आमच्या तंबूत पडदा मधोमध. एका अंगाला मशीन आन् बापे, दुसऱ्या अंगाला बाया. खेळाआधी पडद्यावर पानी मारायचं, म्हंजी मागनंबी चित्र साफ दिसतं. पन मागनं दिसतं ते उलटं. बाप्यांना जो उजवा हात दिसतो त्यो बायांना डावा. त्याचं मालकाला काय न्हवतं, मला काय न्हवतं, कुनालाच न्हवतं. बायांनी दाटीवाटीनं बसावं आन् पडद्यावर काय हलतंय ते बघून घरी जावं, इतकंच.

नव्या बोलत्या फिल्लमा मालकांकडं न्हवत्या. त्यांच्याकडं एक जुनी, मुकी, युरोपातली फिल्लम हुती. मदनं मदनं अक्षरं यायची, ती कुनाच्या बापाला वाचता येत न्हवती. म्हनून बाप्यांच्या बाजूला नारायनराव उभं राहायचं. ते पूर्वी कुटं तरी कारकून हुतं, खेळाला कोट घालायचं, आवाज कीर्तनकारावानी. फिल्लमसंगं एक छापील कागद आल्ता, त्यावरनं ते गोष्ट सांगायचं. पन त्यांचा आवाज पडद्याआड जायचा न्हाई. बाया वरडायच्या, "आमाला कोन सांगनार रं, काय चाललंय ते?" नारायनरावांकडनं गोष्ट आयकून घेऊन एक दिस राहीच उभी राहिली आन् सांगाया लागली. बाया गप झाल्या. दुसऱ्या दिशी मालकांनी तिला सोताहून एक स्टूल दिलं, आन् हातात पितळी घंटा दिली. साऱ्या मुलखात तंबूत उभी राहून शिनेमा सांगनारी ती पयली बाई. दुसरी कुनी आसंल तर मला दाखवा.

फिल्लम अशी हुती. बर्फाच्या मुलखात एक राजकन्या दगडावानी बसून राहिलेली. तिला उठवाया हिंदुस्थानातल्या एका देवळातली सोन्याची घंटा पायजे. राजपुत्र उडत्या घोड्यावरनं येतो, देवळातनं घंटा काढून घेऊन जातो. घंटेच्या मागं मागं आपल्याकडचा एक काळा जादूगार जातो, डोईला पटका, गळ्यात नाग. त्यो राजवाड्याम्होरं उभा राहून दोन्ही हात वर करतो, मनोरा ढासळतो, मानसं गाडली जात्यात. राजपुत्र त्याला कड्यावरनं खाली टाकून देतो. मंग लगीन लागतं आन् घंटा वाजती. तिथं राहीनं हातातली खरी घंटा वाजवायची. तिचा आवाज दोन्ही अंगांना जायचा. बापे टाळ्या पिटायचे, पटके उडवायचे.

बाया टाळ्या पिटायच्या न्हाईत.

मालक म्हनायचे, "बायकांना कळत नाही रे." आवो, कळत हुतं! तिसगावच्या खेळाला केशरबाई म्हनून एक म्हातारी म्होरंच बसलेली. म्या मशीनवर असूनबी तिचा आवाज आयकला.

"आगं राहे, ह्यो गोरा डाव्या हातानं देवाच्या घंटेला हात लावतोय की गं! आन् पायात बूट!"

"व्हय आत्या."

"आन् त्यो काळा बघ. घोटभर पानी पितोय तर उजव्या हातानं. चांगल्या घरचा दिसतोय."

बाया खदाखदा हसल्या. फिल्लम करनाऱ्यांनी जादूगाराला मुद्दाम डावखुरा केला हुता, वंगाळ दिसावा म्हनून. पन आमच्या ओल्या पडद्यानं त्याला बायांकडं सरळ करून टाकला. खेळ संपल्यावर नारायनराव समजूत घालाया आले.

"अहो राहीबाई, तुम्हाला उलटं दिसतं. खरा राजपुत्र उजव्या हातानंच घंटा घेतो."

राही भांडी आवरत हुती. मान वर न करता म्हनाली, "नारायनकाका, हात उलटं दिसत्यात, कबूल. बूटबी उलटं दिसत्यात का?"

नारायनरावांनी कोटाची गुंडी लावली आन् गेले.

त्या दिसापासनं राही फिल्लम निराळ्या डोळ्यानं बघाया लागली. पदराच्या दशांना गाठी मारायची. म्या इचारलं, "ह्या कसल्या गं गाठी?" म्हनाली, "दादा, राजपुत्राचं त्वांड पडदाभर करून किती येळा दाखिवलं, ठाव हाय? सतरा येळा. त्यो हसला की दाखिवलं, रडला की दाखिवलं. जादूगाराचं चार येळा, आन् तेबी नुसतं डोळं. त्याला रडू येतं का, भूक लागती का, कायच कळू दिलं न्हाई. आन् देवळातली आपली मानसं तर सगळी लांबनं, मुंग्यांवानी. एकालाबी त्वांड न्हाई."

म्या म्हनालो, "आगं, त्यो राक्षस हाय. त्याचं त्वांड बघितलंस न्हवं कसं हाय?"

"बघितलं. उजेड खालनं मारलाय. राजपुत्रावर उजेड वरनं, सकाळच्या उन्हावानी. ह्याच्यावर हनुवटीखालनं. सांजच्याला म्या चुलीत फुंकाया बसती तवा माझं त्वांड बघ एकडाव. म्या राक्षीन हाय का?"

म्या खरंच बघितलं त्या सांजंला. जाळ खालनं, डोळ्याखाली काळं, नाकाची सावली कपाळावर. माझी सोताची बहीन, पन घटकाभर मला भ्याव वाटलं. मंग लई हसलो आमी दोघं. पन हसता हसता म्या मनात म्हनालो, सहादेवा, बारा वर्सं मशीन चालवतोयस तू, तुला कवा दिसलं न्हाई हे.

पुढलं मात्र माझ्यामुळं झालं. हे म्या छाती ठोकून सांगतो. फिल्लम जुनी, सारखी तुटायची. तुटली की तुकडे घासून औषधानं चिकटवायचे. पाथर्डीच्या अलीकडं एका गावात तिसरं रीळ तीन जागी तुटलं. म्या घाईनं चिकटवलं, आन् एक तुकडा मागंम्होरं झाला. आधी म्या सगळ्यांना सांगायचो, की इंजिनाच्या धक्क्यानं झालं. न्हाई. चूक माझीच हुती. पन चूक करावी तर माझ्यावानी करावी!

झालं असं, की पयल्यांदा मनोरा ढासळला, मानसं गाडली गेली, आन् त्याच्यामागनं जादूगारानं दोन्ही हात वर केले. बाया म्होरं सरकल्या. मंग कुनीतरी म्हनालं, "अरारा, देवाला हाका मारतोय बिचारा." दोनचार बाया डोळं पुसाया लागल्या. त्योच मानूस, त्येच हात, त्येच डोळं. काल त्यो खुनी हुता, आज मेलेल्यांसाठी रडत हुता.

मालकांनी मला आई-बापावरनं शिव्या दिल्या, आन् म्या तुकडा परत जाग्यावर लावला. लावायच्या आधी राही दिसाउजेडी माझ्याकडं आली. "दादा, त्यो तुकडा दाव."

म्या फिल्लम उन्हाकडं धरली. बारीक बारीक चित्रं, एकाखाली एक.

"ह्याच्यात त्यो हात वर करतोय. मनोरा कुटंय?"

"ह्याच्यात न्हाई."

"आन् मनोऱ्याच्या तुकड्यात ह्यो कुटंय?"

"त्याच्यातबी न्हाई."

"मंग मनोरा ह्यानं पाडला, असं कोन म्हनालं?"

म्या डोकं खाजवलं. म्हनालो, "जोडनारा म्हनाला."

"बघ की," ती म्हनाली. "खून करनारा कात्री घेऊन बसलाय तिकडं, आन् फाशी ह्याला."

मंग तिनं फिल्लम डोळ्याजवळ नेली. लई येळ बघितलं. "दादा, ह्याच्या कानामागं बघ." म्या बघितलं. कानामागं, मानंवर, एक पांढरा पट्टा. आमच्याकडं आखाडात सोंगं निघत्यात, तवा राक्षसाचं सोंग घेनारा तव्याची काजळी फासतो, आन् दरसाल कानामागं फासायची इसरतो. बायकापोरं तेवढ्यावरनं वळखत्यात, ह्यो अमक्याचा पोरगा म्हनून. राहीनंबी तसंच वळखलं.

"ह्यो आपला न्हाईच," ती म्हनाली. "त्यांचाच मानूस काजळी फासून आपला झालाय. दादा, त्यांना आपलं एकबी मानूस घावलं न्हाई का रं? आपलं सोंग आनायलाबी त्यांचाच मानूस लागला?"

तेवढ्यात नारायनराव अंघोळ करून आले. राहीनं त्यांना इचारलं, "काका, ही फिल्लम कुटली?"

"युरोपातली."

"इटली युरोपातच न्हवं?"

"हो. का बरं?"

राही फिल्लमचा तुकडा तसाच उन्हात धरून उभी राहिली. म्या तिचा भाऊ हाय, मला कळलं. बन्सी आमचा काळा, उंच, खाकीतला पटका बांधनारा. त्यो तिकडं एखाद्या दारात पानी मागाया उभा राहात आसंल, आन् ज्यांनी लहानपनापासनं ही असली फिल्लम बघितलीय ती मानसं दार उघडत असतील.

नारायनरावांना जरा उमगलं असावं. मऊ आवाजात म्हनाले, "अगं, ही कल्पनेतली गोष्ट आहे. उडता घोडा तरी खरा असतो का? इतकं मनाला लावून घ्यायचं नाही."

"मंग एकडाव राजपुत्राला काजळी फासून दावा म्हनावं," राही म्हनाली. "कल्पनाच हाय न्हवं? त्यांचं काय जातंय?"

त्या दिसापासनं राही बायांना सगळं दावून सांगाया लागली. "बघा, आता उजेड खालनं येईल. बघा, आता कानामागं बघा. बघा, आपली मानसं मुंग्यांवानी." बाया आधीच वळखू लागल्या, "आला गं खालचा उजेड!" असं वरडू लागल्या. एकाच गावातल्या बाया तीन-तीन डाव खेळाला यायच्या. हे मालकांना गोड लागत हुतं, तवर ते गप हुते.

मंग काष्टीचा बाजार आला. पलटनीत भरती करनारे एक साहेब खेळाला येनार, असा निरोप आला. लढाईच्या मदतीचा खास खेळ. साहेब आपल्याकडचेच, पन खाकीतले. मालकांनी राहीला बोलावलं.

"राहीबाई, आज कागदावर आहे तेच बोलायचं. दुष्ट जादूगार, शूर राजपुत्र, आणि शेवटी घंटा. साहेब खूश झाले तर पुढचे परवाने सोपे जातील. एक शब्द जरी इकडंतिकडं झाला तर स्टूल काढून घेईन. आणि मग भाकरी थापायलाही इथं ठेवणार नाही."

"आन् दिसतंय ते न्हाई सांगायचं?"

"दिसतं ते ज्याला त्याला दिसतंच आहे."

"मंग मला स्टुलावर कशाला उभी केलीत, मालक?"

मालक निघून गेले. राही माझ्याकडं आली. म्या रीळं लावत हुतो.

"दादा, तिसरं रीळ त्या दिशी जोडलं हुतंस तसं जोड."

म्या म्हनालो, "येडी का काय! नोकरी जाईल माझी. साहेब येनार हाय."

"बाप्यांना एकडाव बघू दे. त्यांना कवा दिसलंच न्हाई ते. बायांना म्या सांगती, बाप्यांना कोन सांगनार? फिल्लमनंच सांगू दे."

"आन् तुजं स्टूल?"

"स्टूल मालकांचं हाय. डोळं माजं हायेत."

म्या अर्धा तास बसून राहिलो. घाबरलो हुतो, खोटं कशाला सांगू? मंग मला बन्सीची आठवन आली. माझ्या लग्नात त्यानं दोन दिस पानी भरलं हुतं, हूं की चूं केलं न्हवतं. म्या कात्री घेतली. आन् ह्या खेपंला तुकडा असा बरुबर लावला, की जोड कुटं हाय ते मलाबी घावलं न्हाई.

तंबू खचाखच भरला. साहेब म्होरं खुर्चीत, शेजारी मालक. पडद्यापल्याड बाया, म्होरं केशरबाई, ती काष्टीला लेकीकडं आल्ती. राही स्टुलावर, हातात घंटा. पयलं रीळ गेलं, दुसरं गेलं. राही कागदावरचं सांगत हुती. बाया चुळबुळाया लागल्या, "आज काय झालं गं हिला?"

तिसरं रीळ लागलं. नारायनरावांनी आवाज चढवला, "आणि आता हा दुष्ट जादूगार आपले दोन्ही हात वर करील, आणि..."

पन मनोरा आधीच ढासळला. मानसं गाडली गेली. मंग जादूगारानं हात वर केले, उन्हात उभ्या झाडावानी एकटा. नारायनराव कागद उलटाया लागले. आन् पडद्याआडनं राहीचा आवाज आला, असा सनसनीत की खुर्चीतल्या साहेबानं मान वळवली.

"बघा बायांनो! मनोरा पडला. कुनी पाडला ते दिसलं का? न्हाई दिसलं! दिसलं ते येवढंच, की आपल्या देवाची घंटा मागाया आलेला मानूस मेलेल्यांसाठी हात वर करतोय. घंटा कुनी नेली? बूट घालून कोन शिरलं? चोर कोन हाय मंग?"

बाप्यांत कुजबुज झाली. मागनं एक गडी वरडला, "ओ नारायनराव, तुमी बसा खाली! बाई बरुबर सांगतीया!" दुसरा म्हनाला, "आमालाबी बायांकडं बसू द्या की!" हशा उसळला.

साहेब उभे राहिले. "मशीन थांबवा." म्या दिवा झाकला, न्हाईतर फिल्लम पेट घेती. बत्ती लावली. साहेब, मालक आन् मागं म्या, असं आमी कनात सारून बायांच्या बाजूला गेलो. राही स्टुलावरनं उतरली न्हाई.

साहेब म्हनाले, "बाई, नाव काय तुमचं? घरचं कुणी?"

"राहीबाई. घरधनी माझे पलटनीत हायेत. इटलीत."

साहेबाला वाटलं, धागा घावला. "मग? तुमचा नवरा सरकारच्या फौजेत, आणि तुम्ही इथं असलं बोलता?"

"त्याच्यासाठीच बोलतीया," राही म्हनाली. "ही फिल्लम तिकडल्या मानसांनी बघितलेली हाय. माझा मानूस त्यांच्यासाठी लढाया गेला, आन् त्यांच्या दारात उभा राहिला की त्यांना ह्यो गळ्यात नागवाला दिसनार. साहेब, तुमी खाकी घालून तिथं गेलात, तर तुमीबी ह्योच दिसनार. तुमाला येगळं त्वांड न्हाई ठेवलं त्यांनी."

साहेबाचं त्वांड उतरलं. पन मानूस खाकीतला, मागं सरायचं कसं? म्हनाले, "खेळ पुरा करा. कागदावर आहे तसा." आन् परत खुर्चीकडं गेले.

मालकांनी राहीच्या पायाखालचं स्टूल वढलं. ती पडली न्हाई, भुईवर पाय रोवून उभी राहिली. मालक दातवठ खाऊन म्हनाले, "बोलू नकोस तू आता. निदान शेवटी घंटा तरी वाजव."

ते गेले आन् केशरबाई उठली. लुगडं सावरलं, पडद्याकडं पाठ केली आन् राहीकडं त्वांड करून बसली. तिच्या शेजारची वळली. मंग तिच्या मागची. बघता बघता साऱ्या बाया पडद्याला पाठ करून बसल्या. पडदा नुसता पांढरा, आन् बाया राहीकडं बघतायत. आन् राही कायच बोलत न्हाई. नुसती उभी.

म्या मशीनवर गेलो. फिल्लम चालू झाली, हजार मानसांचं सैन्य धावलं, पन बाया वळल्या न्हाईत. जादूगाराला कड्यावरनं टाकलं. त्यात आमी कायबी बदललं न्हवतं, फिल्लममदी हाय ते हाय. मंग लग्नाचा मांडव आला. राजपुत्राचं त्वांड पडदाभर, वरनं उजेड. नारायनराव घसा खाकरून म्हनाले, "आणि मंगल घंटा घणघणू लागली!"

घंटा वाजली न्हाई.

म्या म्हनतो, तुमी कवा पाचशे मानसं एका आवाजाची वाट बघताना बघितलीत का? पडद्यावर सोन्याची घंटा हालतीय, आन् आवाज न्हाई. नारायनरावांनी परत म्हनलं, "मंगल घंटा घणघणू लागली!" न्हाई. पडद्याच्या कडंनं मला राही दिसत हुती. घंटेच्या आतला लोखंडी लोळा तिनं मुठीत गच धरला हुता. नारायनराव तिसऱ्यांदा म्हनाले, पन त्यांचा आवाज खाली गेल्ता. बापे आता हसत न्हवते, टाळ्या पिटत न्हवते. बर्फाच्या मुलखातलं ते लगीन असं बिनआवाजाचं लागलं, जसं कुनाच्या मयताला जमलेत. फिल्लम संपली. साहेब टोपी घालून कुनाशी न बोलता गेले. त्या दिशी भरतीला एकबी गडी उभा राहिला न्हाई.

दुसऱ्या दिशी सकाळी आमा दोघांना मालकांनी काढलं. राही म्हनाली, "दादा, माझ्यापायी तुजी नोकरी गेली."

म्या म्हनालो, "असली मशीनं चालवनारे शंभर मिळतील त्यांना. तुजा भाऊ व्हायाला कोन मिळनार हाय?" ट्रंक डोक्यावर घेतली आन् आमी कर्जतची वाट धरली.

दोन महिन्यांनी शामकांत मालक आमच्या दारात. घामाघूम. वट्ट्यावर बसले. म्हनाले, "सहादेव, जिथं तंबू ठोकावा तिथं बायका विचारतात, ती घंटा न वाजवणारी कुठंय? ती नसली तर येत नाहीत. राहीबाई, चला परत. नवी फिल्लम आणलीय."

दुसरी कुनी आसती तर लगेच पदर खोचला आसता. राही म्हनाली, "येती. पन पयल्यांदा मला बाप्यांच्या बाजूला बसवा. दोन दिस, दोन खेळ. दोन्ही अंगांनी बघितल्याबिगर म्या बोलनार न्हाई. आन् कागद मला नको."

"बाईमाणूस पुरुषांच्यात बसणार?"

"स्टूल तुमचंच हाय, मालक. घेऊन जावा."

बसवली त्यांनी. कर्जतला, पयल्या रांगंत, मशीनच्या उजेडात, साऱ्या बाप्यांम्होरं राही मांडी घालून बसली. एक टगा म्हनाला, "बाई वाट चुकली का काय?" तिनं मान वळवून म्हनलं, "व्हय. इतके दिस चुकली हुती, आज घावली." राही नव्या फिल्लमच्या गाठी मारत बसली, ह्या अंगानं किती, त्या अंगानं किती. नारायनराव तिच्यापाशी आले आन् आपला छापील कागद घडी करून खिशात घातला. त्यानंतर बाप्यांना गोष्ट सांगताना ते मदीच थांबायचे आन् इचारायचे, "राहीबाई, तुमच्या बाजूनं काय दिसतंय?"

बन्सी शेहेचाळीस साली परत आला. पायाला गोळी लागलेली, पन धड. त्याला भाकरी वाढताना राहीनं इचारलं. म्या तिथंच हुतो. "तिकडली मानसं तुमच्याकडं कशी बघायची?"

बन्सीनं भाकरीचा तुकडा मोडला. मंग म्हनाला, "पयल्यांदा दार लावून घ्यायची. पोरं पळायची. एका गावात म्या पानी मागितलं तर एक बाई किंचाळली. मंग एक म्हातारी आली. तिनं पानी दिलं आन् वर पाव दिला. माझ्या डोक्यावरनं हात फिरवला, तिचा लेकबी लढाईत हुता म्हनं."

"पाव कंच्या हातानं दिला?" राहीनं इचारलं.

बन्सीला हसू आलं. "दोन्ही हातानं. का गं?"

राहीनं तव्यावरची भाकरी उलटली. जाळ खालनं तिच्या तोंडावर आल्ता. "न्हाई, म्या त्या फिल्लममदी लई हुडकलं," ती म्हनाली. "ती म्हातारी कुटंच न्हवती. त्यांनी आपल्यालाच न्हवं, तिलाबी कापून टाकली."